दुखत नाही ना?

पोटाच्या बाबतीत माझा हिशेब बरीच वर्षं साधा होता. दुखतंय तोवर घाबरायचं, थांबलं की विसरायचं. डोळे पिवळे झालेल्यालाही मी हेच विचारायचो, ‘दुखत नाही ना? मग काही नाही.’ काविळीला गळ्यात माळ, उसाचा रस नि विश्रांती. बहुतेक जण बरे व्हायचेही. दूषित पाण्यातून येणारी ए किंवा ई प्रकारची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपली आपण उतरते आणि श्रेय माळ घेऊन जाते. (माळ लांबली की कावीळ उतरली म्हणतात; पण काड्या वाळून दोरा सैल पडतो म्हणून ती लांबते, निरोग्याच्या गळ्यातही लांबेल.)

मत फिरलं ते लुडविग कूर्व्हाझिए या स्विस सर्जनचं निरीक्षण कळल्यावर. 1890 साली त्यांनी मांडलं, की कावीळ आहे आणि पित्ताशय फुगून हाताला लागतंय, तर कारण खडे असण्याचा संभव कमी. खड्यांनी वारंवार सुजलेलं पित्ताशय आकसून ताठर होतं, ते फुगणार कसं? मग संशय जातो स्वादुपिंडाच्या डोक्याकडे. पित्तनलिका तिथूनच आतड्यात उतरते आणि तिथली गाठ तिला हळूहळू आवळते. नियमाला अपवाद आहेत, पण संशय खरा ठरला तर तो बहुतेकदा कर्करोग असतो. पित्त आतड्यात पोचत नाही, म्हणून शौच मातकट-पांढुरकं होतं. पित्तातला रंग रक्तात साठून लघवीवाटे निघतो, ती कोऱ्या चहासारखी दिसते. अंगाला खाज सुटते, वजन उतरतं. दुखणं सुरुवातीला अनेकदा नसतंच.

नळीत खडा अडकलेला माणूस कळवळत रात्रीच दवाखाना गाठतो. गाठवाला माळ घालून घरी बसतो. कधी पन्नाशीनंतर त्याला अचानक मधुमेह निघतो आणि ‘साखरेनं वाळला’ म्हणून विषय मिटतो.

यकृतही तसंच अबोल. त्याच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. दुखतं ते वरचं आवरण ताणल्यावर. म्हणून सिरोसिस पुष्कळदा पोटात पाणी होईतो घरात कुणाच्या लक्षात येत नाही. तळहात लाल झालेले असतात, पण तळहात बघतो कोण?

कुठलीही कावीळ डॉक्टरांना दाखवाच, गरोदर बाईची तर त्याच दिवशी; ई प्रकार तिच्या जिवावर बेतू शकतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे डोळे पिवळे दिसले तर ‘दुखतंय का’च्या आधी, न लाजता, शौचाचा आणि लघवीचा रंग विचारा. शौच पांढुरकं असेल तर माळवाल्याचं गाव शोधू नका, सोनोग्राफी करून घ्या.