वीस गुंठे दादर

अजिंठ्याची लेणी पाहून आलेल्या माणसाने फर्दापूर पाहिलेले असतेच असे नाही. पण तो फर्दापुराला उतरलेला मात्र असतो. जळगावहून येणारा रस्ता घाट चढण्याआधी या गावाशी थबकतो. लेणी इथून चार किलोमीटर आत, वाघूर नदीच्या वळणात. मोगल काळात बांधलेली भली मोठी सराई गावात अजून उभी आहे. आल्यागेल्याची सोय पाहणे हा या गावाचा पूर्वापार धंदाच म्हणायला हवा. 1909 ते 1911 या काळातल्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम ही इंग्रज बाई लेण्यांतली चित्रे उतरून घ्यायला आली, तेव्हा तिच्या मंडळींनी तंबू ठोकले ते फर्दापुरालाच. नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे तेव्हाचे तरुण चित्रकार त्या मंडळींत होते. त्यांनी काय रंगवले ते पुस्तकांतून वाचायला मिळते. तंबूत शिजत काय होते, हे मात्र मला कुठे वाचायला मिळालेले नाही. मी हे एकदा मावशीला विचारले. ती म्हणाली, "चुलीपाशी गावचीच बाई असंल. मग काय, भाकर आणि ठेचा."

ही माझी मावशी लग्न होऊन फर्दापुरात आली त्याला आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली. मी जळगावची, शाळेतून निवृत्त झाले तशी वर्षातून तीन-चार वेळा तिच्याकडे जाऊन राहते. गेल्या वर्षी गणपतीत गेले, तेव्हा तिचा नातूही पुण्याहून आला होता. हा मुलगा संगणकाच्या कंपनीत आहे. पगार चांगला, पण चेहरा ओढलेला. आल्या दिवशीच त्याने घरातल्या टीव्हीला कसली तरी तार जोडली आणि म्हणाला, "आजी, तुला एक मालिका दाखवतो. सासूसुनांची नाही. शेतीची आणि स्वयंपाकाची."

मालिका इंग्रजी होती. 'एस्केप टू रिव्हर कॉटेज' हे तिचे नाव. चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीने ती 1999 मध्ये दाखवली होती. ह्यू फर्नली-व्हिटिंगस्टॉल नावाचा एक केस वाढलेला, हसरा गृहस्थ लंडन सोडून डॉर्सेट परगण्यातल्या एका जुन्या घरात राहायला जातो. पूर्वी तो लंडनच्या एका नामांकित खाणावळीत स्वयंपाकी होता. आता वाफे करतो, कोंबड्या आणि डुकरे पाळतो, रानातून पाला खुडून आणतो, मासे धरतो आणि त्या त्या ऋतूत जे हाताशी येईल ते रांधून खातो. इंग्रजांना या विषयाची हौस जुनीच दिसते. 1975 साली बीबीसीवर 'द गुड लाइफ' नावाची एक विनोदी मालिका होती. तीत एक नवराबायको लंडनच्या उपनगरातली आपली हिरवळ खणून तिथे बटाटे लावतात. शेजारीपाजारी हसतात. आमच्याकडे हिरवळ खणून बटाटे लावले तर कोणी हसणार नाही. हिरवळ लावली तर हसतील.

तर आम्ही तिघे रात्री जेवणे आटोपून ही मालिका बघत असू. नातू भराभर मराठीत अर्थ सांगे, पण मावशीला त्याची फारशी गरज पडत नव्हती. चूल, माती आणि जनावर यांना भाषांतर लागत नाही. तिला प्रश्न पडत ते निराळेच. पहिल्या रात्री तिने विचारले, "याचं पाणी कोण भरतं?" दुसऱ्या रात्री, "एवढी भांडी काढली यानं, घासतं कोण?" नातवाने सांगितले की ते दाखवत नाहीत. "मग अर्धंच दाखवतात," मावशी म्हणाली आणि पुन्हा बघू लागली. टीव्हीवरच्या पाककृतींवर इतकी नेमकी टीका मी तरी वाचलेली नाही.

डुकरांपाशी मात्र ती अडली. मावशी माळकरी. तो गृहस्थ डुकरांचे सगळे कौतुकाने करतो, आणि ती वाढवतो ती खाण्यासाठीच, हे कळल्यावर तिने पदर तोंडाला लावला. पण बघणे सोडले नाही. मुरंबे, लोणची आणि चटण्यांच्या बरण्यांचा भाग आला, तेव्हा तर ती अगदी पुढे सरकून बसली. "म्हंजे यांच्यातबी वाळवण असतं की!" मी म्हटले, वाळवण नव्हे, साखरेत आणि व्हिनेगरात घालून ठेवतात. मावशी म्हणाली, "ऊन नसंल तिकडं. आपण उन्हाला घालतो, ते साखरंला घालतात. येकच की."

हे तिचे 'येकच की' खरे आहे का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तिच्या घरचे वर्ष मी लहानपणापासून पाहिले आहे. चैत्र-वैशाखात माळवदावर पाय ठेवायला जागा नसे. ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, मुगाच्या डाळीचे वडे. आणि शेजारणी जमवून शेवया. हिवाळ्यात खुडलेला हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवायचा, म्हणजे उन्हाळ्यात भाजीची चिंता नाही. तूर भिजवायची, वाळवायची, जात्यावर भरडून डाळ करायची. कणगीतल्या धान्यात कडुनिंबाचा पाला. मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत बांधावर फुकटचा बाजार भरे: तरोटा, कुर्डू, पाथरी, घोळ, चिवळ. यांतले कोणीही पेरलेले नसे. श्रावणात डोंगरातून करटुली येत, मग अंबाडी. थंडी पडली की हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, तुरीच्या शेंगा, काट्याकुट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि त्याबरोबर कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची ही भाकरी घाटावरच्या पाहुण्यांना आधी काळपट म्हणून नकोशी वाटते आणि मग तिसरी मागतात. आखाजीला आंब्याचा रस. दुकानातून यायचे ते मीठ, गूळ, चहा आणि रॉकेल.

हे सगळे मी नातवाला रंगवून सांगत होते, तो तोंडात बोट घालून ऐकत होता, आणि मावशी गप्प होती. मग ती म्हणाली, "बहात्तर सालचंबी सांग की त्याला. का मी सांगू?"

1972 च्या दुष्काळात मावशी विशी-बाविशीची होती. वाघूर आटली होती. माळवदावर वाळत घालायला काही नव्हते. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. कामावर सुकडी मिळे ती पोरांसाठी पदरात बांधून आणायची. धान्य मिळे ती परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरत असे. मावशी अजून हाताने करून दाखवते, कशी कडेला फाटे ती. रानातला पाला त्या वर्षीही खाल्ला, पण चवीसाठी नव्हे. "घरचं पिकवून घरचं खायचं, हे लई चांगलं. पण पिकलं नाही तर काय खायचं, ते त्या इंग्रजाला विचार," ती नातवाला म्हणाली. त्याने काही उत्तर दिले नाही. याच 1972 साली, 2 ऑक्टोबरला, मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले होते. मावशीला अर्थातच त्याचा पत्ता नव्हता.

पुढे ते दूरदर्शन खेड्यांतही पोचले. मावशीचे यजमान 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम न चुकता पाहत. भक्तिभावाने पाहत, म्हटले तरी चालेल. त्यात तज्ज्ञ मंडळी येऊन खत किती, फवारा केव्हा, बियाणे कोणते, हे समजावून सांगत. त्या उपदेशाची चेष्टा करायला माझी जीभ वळत नाही. ज्यांनी मिलो खाल्ली होती त्यांना पोतेभर जास्त ज्वारी म्हणजे काय ते माहीत होते. संकरित ज्वारीचे पहिले वाण 1964 साली आले आणि ते खरोखरच भरघोस पिके. एवढेच, की त्याचे बी घरचे चालत नाही, दर वर्षी नवे आणावे लागते. बी दुकानातून आले, त्यामागून खत आले, औषध आले. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि त्यानंतर फर्दापूरच्या शिवारात कापूस आणि मका यांखेरीज डोळ्यांना फारसे काही दिसेना. बांधावर तणनाशक मारतात. त्या बांधावरची घोळ खुडायला मावशीच आता मनाई करते. ज्या पेटीने आमच्या शेतकऱ्याला दुकानाची वाट दाखवली, तीच पेटी आता त्याच्या नातवाला दुकान सोडायला सांगते आहे. पेटीला काय, तिला दोन्ही शोभते.

मालिका संपली त्या रात्री नातवाने पोटातले बाहेर काढले. नोकरी सोडून गावी यायचे, साडेतीन एकरांत घरापुरते सगळे पिकवायचे आणि लेण्यांकडे येणाऱ्या पाहुण्यांना ऋतूप्रमाणे घरचे जेवण घालायचे. त्याचा बाप, म्हणजे माझा मावसभाऊ, ओट्यावर सुपारी कातरत होता. त्याचा अडकित्ता थांबला. पोराच्या शिक्षणासाठी त्याने कर्ज काढले होते आणि ते फेडायला कापसाची कितीतरी वर्षे लागली होती. तो ओरडला नाही. एवढेच म्हणाला, "मी या मातीतून तुला बाहेर काढायला जन्म घातला, आणि तू टीव्ही बघून परत येतोस?"

कोणी कोणाची बाजू घ्यावी? मला दोघांचेही बोलणे लागले. मुलगा थट्टेवारी नेण्यासारखे बोलत नव्हता. पुण्यात तो बाहेरून डबे मागवून जेवतो आणि रात्री झोप येत नाही म्हणतो. बापाचा हिशेबही कागदावर खोटा नव्हता. कापूस विकून पैसा येतो, त्या पैशाने दवाखाना होतो, फी होते. घोळाण्याने फी होत नाही. डॉर्सेटच्या त्या गृहस्थाला शेतीखेरीज मालिकेचे आणि पुस्तकांचे उत्पन्न होते. हे त्याला हिणवण्यासाठी मी म्हणत नाही, पण हिशेबात ते धरले पाहिजे.

निकाल मावशीने दिला, तो असा. नोकरी सोडायची नाही. नदीकडच्या तुकड्यातले वीस गुंठे नातवाचे. त्यात कापूस नाही, मका नाही, दादर पेरायची. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. काळ्या जमिनीत, नुसत्या ओलीवर येणारी, टपोऱ्या पांढऱ्या दाण्याची. "वीस गुंठं संभाळ, मग साडेतीन एकराचं बोलू." बी कुठून आणायचे, हा पहिलाच पेच. दुकानात सुधारित वाणे मिळत होती, पण मावशी हटून बसली. शेवटी तिच्या माहेरच्या एका घरी उतरंडीत जुने बी निघाले. ते तिने विकत घेतले नाही; एक नवे लुगडे देऊन आणले. नवरात्राच्या सुमारास पेरणी झाली. तिफण मिळेना, तेव्हा बापानेच ती कुठून तरी मागून आणली आणि स्वतः धरली. बोलला मात्र काही नाही.

जानेवारीत मी पुन्हा गेले. दादर पुरुषभर उंच झाली होती, कणसे हुरड्यात आली होती. आणि लोकांनी ज्वारी का सोडली, ते मला बांधावर उभ्या उभ्या कळले. पूर्वी सगळ्या शिवारात ज्वारी असे तेव्हा पाखरे सगळीकडे वाटली जात. आता दोन-चार कोसांत ज्वारीचा हा एकच तुकडा. जितकी म्हणून पाखरे होती तितकी इथेच पंगतीला. राखण करायला मजूर मिळत नाही, कारण कापूस वेचण्याची मजुरी त्याहून बरी. नातू शनिवारी-रविवारी पुण्याहून येई. पण पाखरांना रविवार कळत नाही. उरलेले पाच दिवस पंचाहत्तरीची मावशी पत्र्याचा डबा घेऊन माळ्याखाली बसे. वर चढायची तिला मुलाने बंदी केली होती. मुलगा येताजाता दोन हाळ्या ठोकून जाई. दोन-अडीच पोती तरी पदरात पडावीत, असा त्याचा अंदाज होता. म्हणजे अंदाज करण्याइतके त्याचे लक्ष होते.

आम्ही गोवऱ्यांच्या आरावर हुरडा भाजला. नातवाने तळहातावर कणीस चोळून पाहिले, हात पोळून घेतला आणि पहिली मूठ बापाला दिली. बापाने ती लसणाच्या चटणीबरोबर खाल्ली, पुन्हा हात पुढे केला.

मावशी पिकात शिरली होती. अकरा कणसांना तिने लाल चिंध्या बांधल्या होत्या. ही पुढच्या वर्षीच्या बियाण्याची, यांना हात लावायचा नाही, असे तिने सर्वांना बजावले होते. पाखरांनी त्यांतली दोन मी असतानाच रिकामी केली. मावशीने त्यांच्या चिंध्या सोडल्या आणि दुसरी दोन भरदार कणसे बघून त्यांना बांधल्या.