खाते बदलले, बोर्ड बदलला. घराच्या हक्काचे काय?

२५ डिसेंबरला आम्ही शिरगावची पोरं दरवर्षी देहूरोडला जातो. १९५४ साली याच तारखेला बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. वंदना झाली की बाहेर चहा, पुस्तकांचे स्टॉल आणि गप्पा. यंदा गप्पा घरावरच अडकल्या. आमच्या ओळखीची एक वस्ती तीसेक वर्षांपासून सरकारी जागेवर आहे. तिथे एके दिवशी पत्र्याचा नवा बोर्ड लागला. जागा एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे गेली होती. लोकांकडे लाइट बिल आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव आहे, घरपट्टीच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेल्या आहेत. पण बोर्ड लागेपर्यंत त्यांना कुणी काही सांगितले नाही. आम्ही पहिल्या कार्यालयात गेलो, तर जागा आता आमची नाही म्हणाले. दुसऱ्यात म्हणाले, आम्हाला जागा मोकळी म्हणून मिळाली, तुमचा प्रश्न जुन्या खात्याचा.

हा 'मोकळी' शब्द आमच्या डोक्यातून जात नाही. माणसे राहत असलेली जागा कागदावर मोकळी कशी होते?

खात्याखात्यांत जमीन फिरणे हे काही नवीन नाही. आमच्या शेजारचेच उदाहरण घ्या. १९७२ साली पिंपरी चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कारखान्यातल्या कामगाराला परवडणारे घर मिळावे, हा त्यामागचा हेतू होता आणि त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. आमच्यातल्या एकाचे वडील तेव्हा पिंपरीत लेथवर होते. भाड्याच्या खोलीत राहून ते प्लॉटची स्वप्ने बघत. अनामत रक्कम ऐकली की गप्प बसत. २०२१ च्या जूनमध्ये प्राधिकरणच बरखास्त झाले. विकसित भाग महापालिकेकडे गेला, उरलेली जमीन पीएमआरडीएकडे. कोणती जमीन कुणाकडे आणि ठेवी कुणाकडे, यावर भरपूर चर्चा झाली. पण ज्या कामगाराच्या नावाने ती जमीन घेतली, तो हेतू कुणाच्या ताब्यात गेला? ताबेपावतीवर गट नंबर असतो, क्षेत्र असते. हेतूसाठी रकाना कुठे असतो?

हस्तांतरणच नको, असे आमचे म्हणणे नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी बघा. इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या या २०७ चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या गेल्या. आपल्या चळवळीला वरळीच्या चाळी वेगळ्या सांगायला नकोत. १९७४ साली पँथरच्या पोरांनी तिथे काय सोसले ते आपण ऐकून आहोत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या १९५ चाळींचे काम सरकारने म्हाडाकडे दिले. भाडेकरूला ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने, ही अट आधी ठरली. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. वर्षे फार गेली, पण अट कागदावर होती म्हणून रहिवाशाला पाय रोवून भांडता आले.

उरलेल्या १२ चाळी शिवडीच्या. बांधणारे तेच, खोल्या तशाच, माणसेही तशीच कष्टकरी. फरक एवढाच की खालची जमीन मुंबई पोर्ट ऑथॉरिटीची (पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची), म्हणजे केंद्राची. त्यामुळे वरळीत टॉवर उभे राहिले तरी शिवडीचा तिढा सुटला नाही. भिंतीतून पाणी झिरपते तेव्हा ते जमीन राज्याची की केंद्राची, हे बघत नाही.

१९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी सेटलमेंट कमिशन मागितले होते. सरकारी पडीक जमीन या कमिशनने अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची. आम्ही तो भाग परत वाचला. विश्वस्त आणि मालक यांतला फरक आजच्या एकाही खात्याला कळलेला दिसत नाही. मालक जमीन मोजतो. विश्वस्ताला आधी ती कुणासाठी आहे हे विचारावे लागते. आपल्या सभांमध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहावर, दादासाहेब गायकवाडांवर भाषणे होतात, व्हायलाच हवीत. पण फेरफार कसा वाचायचा हे किती शाखांमध्ये शिकवतात? आम्हालाही बोर्ड लागेपर्यंत येत नव्हते.

म्हणून आता आमचे मागणे साधे आहे. सरकारी घरांची किंवा वस्तीखालची जमीन एका खात्याकडून दुसऱ्याकडे देताना आदेशासोबत तिथे राहणाऱ्यांची यादी जोडा. ती यादी ग्रामसभेत वाचा. जागेचे मूळ प्रयोजन नव्या खात्यावर बंधनकारक करा. 'मोकळी' लिहायचे असेल तर रहिवाशांसमोर पंचनामा करून लिहा, आणि खाली त्यांच्या सह्या घ्या.

हस्तांतरणाचा आदेश, ताबेपावती, पंचनामा आणि फेरफार यांच्या नकलांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून झाला आहे. वस्तीतल्या पावत्यांचे फोटो काढायचे काम दोन मुली करत आहेत. एका आजीने १९९६ ची घरपट्टीची पावती काढून दिली, घडीवर फाटलेली. तिची आधी झेरॉक्स काढली. सोमवारी अर्ज देऊन पोच घ्यायची आहे.

जय भीम.