आपण दिसावं म्हणून

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि आमच्या एर्लांगेनमध्ये पाच वाजताच अंधार पडू लागतो. सहावीतली लेक नेमकी तेव्हा सायकलने घरी येते. जॅकेट काळंच. वरून पिवळी चमकती बंडी घाल म्हटलं, तर म्हणे, “आई, मी काय रस्ता खणायला निघालेय?”

माझ्यातली शिक्षिका जागी झाली. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी थांबायला, इथल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सूत्राने, 40 मीटर लागतात. गडद कपड्यातला माणूस अंधारात दिसतो जेमतेम 25 मीटरवरून. वजाबाकी तिनेच केली आणि गप्प झाली. बंडी नाहीच, पण दप्तराला आणि बाह्यांना चमकत्या पट्ट्या लागल्या.

दिवा नसेल तर इथे 20 युरो दंड. पुण्यात पूर्वी पोलीस सरळ चाकातली हवा सोडत, असं आजोबा सांगायचे. आपल्याला वाटतं, दिवा रस्ता दिसावा म्हणून. मग मागचा लाल दिवा कुणासाठी? तो तर चालवणाऱ्याला दिसतही नाही!

आणि हो, हिवाळ्यात भारतातून आजी-आजोबा येतात, संध्याकाळी फिरायला जातात. त्यांचे कोटही काळे-निळेच असतात. दोन पट्ट्या त्यांच्यासाठीही आणून ठेवा.