पौंडातलं घर, रुपयातला विसार

नेरूळ, नवी मुंबई

ती. ताईस,

तुमच्या खारघरच्या फ्लॅटचा विसार आला आणि तिकडे लंडनमध्ये तुमच्या चिरंजिवांनी फ्लॅट पसंत केला, हे एकाच आठवड्यात झालं. तेव्हापासून इथे जो भेटेल तो पौंडाचं भविष्य सांगतोय. भाऊजींचे कॅरमवाले मित्र म्हणतात थांबा, पौंड उतरेल. काका म्हणतात आजच पाठवा, रुपया घसरतच जाणार. दोघांच्याही आवाजात सारखाच आत्मविश्वास.

तुम्ही नुकतंच प्रिमरोझ हिलला बाबासाहेब आंबेडकरांचं घर पाहून आलात, म्हणून तिथलाच हिशेब सांगतो. 10, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये सुमारे 31 लाख पौंडांना घेतलं. पौंड तेव्हा शंभरीच्या जरा वर होता, म्हणजे नुसत्या घराचे एकतीस-बत्तीस कोटी रुपये. पुढच्या जूनमध्ये ब्रिटिश मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. पौंड एका दिवसात डॉलरपुढे आठेक टक्के आपटला आणि ऑक्टोबरात रुपयाच्या हिशेबाने ऐंशी-ब्याऐंशीवर आला. त्या दराने तेवढेच पौंड पंचवीस-सव्वीस कोटींत मिळाले असते. म्हणून सरकार फसलं म्हणायचं का? घर तेव्हा विक्रीला निघालं होतं, पौंड उतरायची वाट बघत ते थांबलं नसतं. आणि 2025 मध्ये पौंड 115 च्या पुढे होता, तेव्हा याच रकमेला पस्तीस कोटींहून जास्त मोजावे लागले असते. काका आणि कॅरम मंडळ दोघांनाही हे आकडे दाखवले. दोघांनाही आपलंच म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटलं.

या घराची खरी गंमत वेगळीच आहे. बाबासाहेब तिथे 1921-22 मध्ये राहिले, आणि त्या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी ते जो प्रबंध लिहीत होते तो होता ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. जुलै 1920 मध्ये ते मुंबईहून निघाले तेव्हा गाठीला सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार होते. सगळे रुपयेच. त्या वर्षाच्या सुरुवातीला रुपयाला अडीच शिलिंगांहून जास्त मिळत होते, म्हणजे पौंड आठ रुपयांच्याही आत. सरकारने दोन शिलिंगांचा दर टिकवायची धडपड केली आणि सप्टेंबरात हात टेकले. 1921 मध्ये रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला, पौंड सोळा रुपयांचा झाला. चढ्या दराच्या भरवशावर विलायती माल मागवलेल्या कितीतरी व्यापाऱ्यांनी माल सोडवून घ्यायलाच नकार दिला. खोलीभाडं, जेवण, पुस्तकं सगळं पौंडात भागवणाऱ्या विद्यार्थ्याला विनिमय दर म्हणजे काय, हे कुणी वेगळं शिकवायला नको होतं.

तरीही 1923 मध्ये छापून आलेल्या त्या ग्रंथात बाबासाहेबांचा भर वेगळ्याच गोष्टीवर आहे. नुसता विनिमय दर स्थिर ठेवून भागत नाही, रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर राहायला हवी, हे त्यांचं म्हणणं. ताई, तुमच्या घरातही तेच दोन पक्ष आहेत. चिरंजीव पगार पौंडात घेतो, कर्जही पौंडात घेणार. हप्ता भरताना रुपया कुठेही गेला तरी त्याला फरक पडत नाही. तुझा आणि भाऊजींचा किराणा, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स मात्र आयुष्यभर रुपयातच. खारघरचे पैसे एकदा विटांमध्ये गेले की इकडच्या अडचणीला ते चटकन परत येणार नाहीत. माझ्या मते आधी म्हातारपणाची तजवीज बाजूला काढावी, उरेल तेवढंच पाठवावं.

कर्ज आणि पगार एकाच चलनात असण्याचं मोल पोलंडमधल्या लोकांना विचारावं. तिथे लाखो कुटुंबांनी व्याज कमी म्हणून स्विस फ्रँकमध्ये गृहकर्जं घेतली होती, पगार मात्र झ्लॉटीत. 15 जानेवारी 2015 ला स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँकला घातलेली मर्यादा अचानक उठवली आणि एका सकाळीत त्यांच्या डोक्यावरचं कर्ज फुगलं.

तेव्हा धोका आहे तो डिपॉझिटच्या पैशात, आणि तोही मधल्या महिन्यांत. इथे सिडकोची एनओसी, हस्तांतरण शुल्क, गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर होणं. तिकडे कराराची देवाणघेवाण झाली की साधारण दहा टक्के अडकतात, माघार घेतली तर गेले. 80 हजार पौंड पाठवायचे तर दर एका रुपयाने हलला की 80 हजार रुपयांचा फरक. बँकेत फॉरवर्ड करून दर बांधता येतो, त्याची किंमत मुख्यतः दोन देशांच्या व्याजदरांतल्या फरकावर ठरते. पण खारघरचा व्यवहार फिसकटला तर तो फॉरवर्ड त्या दिवसाच्या दराने मोडावा लागेल. म्हणून नोंदणी होईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नये. नोंदणी झाली की तीन-चार टप्प्यांत पाठवावं आणि दराचा नाद सोडावा.

नियम मात्र पाठ हवेत. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात आणि त्यासाठी बँक कर्ज देत नाही. हे दारही कायम उघडं नसतं: ऑगस्ट 2013 मध्ये रुपया ढासळला तेव्हा मर्यादा दोन लाखांवरून 75 हजार डॉलरवर आणली गेली, परदेशी घर घ्यायला बंदीच झाली, ती जुलै 2014 मध्ये उठली. शिवाय 10 लाखांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. एकट्या भाऊजींनी एक कोटी पाठवले तर 18 लाख अडकतील. तू आणि त्यांनी निम्मे-निम्मे पाठवले तर 16. हा पैसा बुडत नाही, त्या वर्षीच्या आयकरात वळता होतो. घर विकून घर घेतल्यावर भांडवली नफ्यावर मिळणारी सूट 2014 च्या अर्थसंकल्पापासून फक्त भारतातल्या घराला आहे, म्हणजे खारघरच्या नफ्यावर कर लागणारच. विक्री आणि पाठवणी एकाच आर्थिक वर्षात झाली तर टीसीएस त्यातच जिरेल.

काल वाशीला सेक्टर 17 मधल्या बँकेत डोकावलो. काउंटरवरच्या मुलीने आधी कार्ड रेट सांगितला. रक्कम ऐकल्यावर ट्रेझरीला फोन लावला आणि दर सत्तर पैशांनी उतरला. पाच मिनिटांत 56 हजार! घासाघीस फक्त भाजीवाल्याशी करायची असते असं भाऊजींना वाटतं, त्यांना हे वाचून दाखव.

लंडनच्या घराच्या कागदावर तुमची नावं घालायचा हट्टही सोडा. इंग्लंडमध्ये सहमालकाचं जगात कुठेही दुसरं घर असलं तर सगळ्या किमतीवर पाच टक्के जादा स्टॅम्प ड्यूटी, सहमालक अनिवासी असला तर आणखी दोन टक्के, वर पहिलं घर घेणाऱ्याची सवलतही जाते. तुम्ही दोघांनी आपापल्या खात्यातून मुलाला भेट द्यावी आणि तसं पत्र करावं. तिकडचा वकील पैसे कुठून आले ते विचारतोच, तेव्हा विक्रीकराराची प्रत जपून ठेवा.

खारघरच्या नोंदणीला तुम्ही येणार नसाल तर मुखत्यारपत्र लंडनच्या भारतीय हायकमिशनमधून साक्षांकित करून पाठवा. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो, ते बघून घेईन. पत्रावर तुम्हा दोघांचे फोटो आणि सह्या हव्यात, आणि भाऊजींची सही पॅनकार्डावर आहे तशीच हवी.

तुझा,
धाकटा भाऊ