डीनच्या अरण्यातील हॉफिंच

इंग्लंडच्या पश्चिमेस, सेव्हर्न आणि वाय या दोन नद्यांच्या मध्ये, डीनचे अरण्य पसरले आहे. या अरण्यातील पार्कएंड नावाच्या छोट्या गावी चर्चच्या आवारात यू जातीचे सदाहरित वृक्ष आहेत. हॉफिंच हा दुर्मीळ वनपक्षी पाहण्यासाठी पक्षिप्रेमी तेथे आवर्जून जातात.

हा पक्षी बुलबुलाहून किंचित लहान, वजनाने सुमारे ५५ ग्रॅम. चोच मात्र अडकित्त्यासारखी. चेरीची कठीण आठळी तो लीलया फोडतो. यू, बीच, हॉर्नबीम यांच्या बियांवर त्याचा निर्वाह चालतो. स्वभाव अत्यंत बुजरा. मार्चच्या आरंभी, पालवी फुटण्यापूर्वी, आम्ही उभयता तेथे गेलो, तेव्हा बऱ्याच प्रतीक्षेनंतर उंच शेंड्यावर त्याचे क्षणभर दर्शन घडले.

ब्रिटनमध्ये देशाच्या नकाशावर दहा-दहा किलोमीटरचे चौकोन आखून स्वयंसेवक पक्ष्यांची नोंद करतात. १९६८ ते १९७२ मधील नोंदींशी २००८ ते २०११ मधील नोंदी ताडून पाहिल्या असता, हॉफिंचच्या विणीचे सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र नाहीसे झाल्याचे आढळले. २००९ मध्ये त्याचा समावेश तेथील पक्ष्यांच्या लाल यादीत झाला. आता त्याची मुख्य ठाणी उरली ती डीन व वायचे खोरे, दक्षिणेकडील न्यू फॉरेस्ट आणि उत्तर वेल्समधील डोल्गेल्लाउचा परिसर. २०१७ च्या शरद ऋतूत युरोप खंडातून हॉफिंचचे मोठे थवे आले. परंतु ते पाहुणे होते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर, अनेक शाखांत विभागलेली ठेव आता मोजक्या शाखांत एकवटली आहे. एका ठिकाणी जुनी झाडे तुटली, तर ती तूट भरून काढणारे दुसरे ठाणे जवळपास नाही. असा धोका कोणत्याही व्यापाऱ्यास सहज उमगेल.

डीनचे अरण्य टिकले, त्यामागेही एक जुना हिशेब आहे. आरमारी जहाजांना लाकूड मिळावे, म्हणून १८०८ च्या कायद्याने येथे ११,००० एकर क्षेत्र कुंपणाखाली घेऊन ओकची लागवड करण्याची तरतूद झाली. ओक पक्व होण्यास शतकाहून अधिक काळ लागतो. तोवर जहाजे लोखंडाची झाली. त्यांतील काही वृक्ष आजही उभे आहेत. वसंतात ओकच्या पानांवर वाढणाऱ्या अळ्या हॉफिंच आपल्या पिलांना भरवतो. लावणाऱ्यांच्या हिशेबात हा पक्षी कधीच नव्हता. पण त्या दीर्घ मुदतीच्या ठेवीचे व्याज आज त्याला मिळत आहे.