मोडका स्टड

यंत्राच्या कीर्तीचा वांटा त्याच्या सर्व अवयवांस सारखा मिळत नाहीं. मोटारीची स्तुति करावयाची झाली म्हणजे मनुष्य तिच्या वेगाची, गाद्यांची, फार तर एंजिनाच्या आवाजाची करतो. परंतु सिलिंडरच्या हेडाला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड घट्ट धरून ठेवणारे जे बोटभर लांबीचे पोलादी स्टड, त्यांची आठवण ते मोडल्याखेरीज कोणास होत नाहीं. आमच्या घरच्या १९७४ सालच्या अँबॅसडर गाडीचा असा एक स्टड मोडला, आणि तो काढण्याचें काम आम्हीं दोन दिवस स्टुलावर बसून पाहिलें.

मॅनिफोल्ड म्हणजे काय हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. सिलिंडरांतून बाहेर पडणारा जळका वायु एकत्र करून सायलेन्सरच्या नळींत सोडणारें तें बिडाचें भांडें होय. अँबॅसडरचें जुनें १४८९ घन सेंटिमीटरचें एंजिन मूळचें इंग्लंडांतील ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचें. त्यांत या भांड्याला तीन फांद्या असतात. मधली दोन सिलिंडरांत सामाईक, कडेच्या एकेकाच्या. गाडी चालूं लागली कीं हें भांडें कित्येक शें अंशांपर्यंत तापतें. तापलेली धातु वाढते हें शाळेंत सर्वच शिकतात. पण किती वाढते हें हिशेब केल्यावांचून लक्षांत येत नाहीं. अर्धा मीटर लांबीच्या बिडाचें उष्णमान ४०० अंशांनीं चढलें तर लांबी सुमारें दोन मिलिमीटरांनीं वाढते. ज्या हेडावर तें बसविलेलें असतें त्याला मात्र आंतून पाणी निववीत असतें, म्हणून तें इतकें वाढत नाहीं. या दोघांच्या ओढाताणींत स्टड सांपडतो. मधल्यांस हा जाच थोडा, टोकांच्यांस सर्वांत अधिक. म्हणून मोडतो तो बहुधा टोकाचा, आणि आमचा मोडला तोही अगदीं मागचा. एकत्र कुटुंबांतही कडेला राहणारांसच ताण अधिक बसतो, असें आमच्या एका स्नेह्यांनीं यावर म्हटलें. त्यांच्या घरची वाटणी नुकतीच झाली असल्यामुळें आम्हीं वाद घातला नाहीं.

या मोडीचें पहिलें चिन्ह आवाजाचें. सकाळीं थंड एंजिन सुरू करतांच टिक् टिक् असा ठेका ऐकूं येतो, आणि गाडी तापली कीं तो मंदावतो किंवा थांबतो, कारण वाढलेलें बीड आपली फट आपणच बुजवितें. या आवाजास टॅपेटचा आवाज समजून पुष्कळ लोक टॅपेट आवळीत बसतात. फटीजवळ काजळीचा काळा पंखा उमटलेला असला म्हणजे संशयास जागा उरत नाहीं.

टिकटिक कानाला बोंचते एवढाच प्रश्न असता तर ती सोसतांही आली असती. परंतु त्या फटींतून जो वायु निसटतो त्यांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील हिमोग्लोबिनाला तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक आवेशानें चिकटतो. जुन्या गाडींत एंजिन आणि बैठक यांच्यामधील पत्र्याला पेडलांसाठीं व तारांसाठीं पाडलेलीं भोकें असतात. त्यांचीं रबरें वाळून तडकलेलीं, आणि मागच्या बांकावर मुलें झोंपलेलीं. हें घरांत समजतांच, गाडी नीट होईपर्यंत तिच्यांत कोणीं बसावयाचें नाहीं, असा आमच्या मातोश्रींचा हुकूम सुटला.

गॅरेजमध्यें दोन पक्ष पडले. तरुण कारागिराचें म्हणणें असें कीं, आहे तेथेंच ड्रिल मारावें, भोकांत उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालावा व तुकडा फिरवून काढावा; तासाभराचें काम. वृद्ध मिस्त्रींनीं मान हलविली. "साहेब, गंजानें धरलेला स्टड त्या बारक्या खिळ्याला दाद देत नाहीं. खिळाच आंत तुटतो, आणि तो इतका कडक कीं त्याच्यावर ड्रिल चालत नाहीं. मग हें डोकें गेलें. दुसरें कोठून आणणार?" या प्रश्नास उत्तर नव्हतें. उत्तरपाड्याच्या कारखान्यांतून अँबॅसडर निघणें २०१४ सालींच बंद झालें. जुन्या बाजारांत हेड मिळतें, पण त्याच्या पोटीं कोणती तड आहे हें विकणारासही ठाऊक नसतें.

हेड उतरवून टेबलावर आडवें ठेविलें, तेव्हां मोडलेलें तोंड प्रथमच दिसलें. अर्धें गंजून काळें, अर्धें चकचकीत. तडा फार दिवसांचा होता. मोडला तेवढा आतां. मिस्त्रींच्या कामाचा क्रम आम्हांस विशेष वाटला. जो उपाय फसला तरी कांहीं बिघडत नाहीं तो आधीं, आणि ज्यानंतर मागें फिरतां येत नाहीं तो अगदीं शेवटीं. पहिला दिवस सारा तेलांत गेला. अ‍ॅसिटोन व ट्रान्समिशनचें तेल समभाग मिसळून ते थेंबथेंब सोडीत व वरून हातोडीनें हलके ठोके देत. दुसऱ्या दिवशीं भोंवतालचें बीड ज्योतीनें तापवून त्यांनीं देवापुढची वाटावी अशी साधी मेणबत्ती त्या सांध्याला टेंकविली. वितळलेलें मेण आट्यांच्या फटींत आपोआप ओढलें गेलें. स्टड हलला नाहीं.

मग वेल्डिंग. तुकड्यावर थोडी धातु चढवून तिच्यावर मोठा नट जोडावयाचा. यांत केवळ पान्याला पकड मिळते असें नव्हे. लाल झालेला स्टड भोकांत कोंडल्यामुळें पसरूं शकत नाहीं, दबतो. आणि निवतांना आकसून गंजाची पकड सोडतो. ज्या उष्णतेनें तो मोडला तिलाच अशा रीतीनें सोडविण्यास लावलें जातें. पहिला नट तुटला, दुसरा तुटला. तरुण कारागीर कांहीं बोलला नाहीं, पण हंसला. तिसरा निवल्यावर मिस्त्रींनीं पाना आधीं आवळण्याच्या दिशेनें लावला, मग सोडण्याच्या. पाव फेरा पुढें, पाव मागें, मध्यें तेल. दहा मिनिटांनीं तुकडा हातांत आला.

पण त्यावर आटे भलतेच होते! पूर्वीं कोणा दुरुस्ती करणाऱ्यानें तेथें ८ मिलिमीटरचा स्टड घातला होता. या एंजिनाचे स्टड इंची मापाचे. पांच-सोळांश इंच म्हणजे ७·९४ मिलिमीटर, तेव्हां व्यासांत फरक केसाएवढा. परंतु इंचाला १८ फेरे पडणाऱ्या जाड आट्याचें अंतर १·४१ मिलिमीटर, आणि बाजारांतील ८ मिलिमीटरच्या नेहमींच्या स्टडाचें १·२५. असा स्टड दोनतीन फेरे सुखानें जातो, मग आटे कापीत जातो. गाडी तेव्हां चालती झाली असेल, पैसेही चुकते झाले असतील. गंजाहून अधिक नासाडी त्या माणसानें केली, असें आमचें मत आहे.

आतां मात्र ड्रिलवांचून गत्यंतर नव्हतें. भोक मोठें करून त्यांत तारेच्या वेटोळ्याचा नवा आटा, म्हणजे हेलिकॉइल, बसवावयाचा. भोकापलीकडे पाण्याची पोकळी दूर नसते, म्हणून मिस्त्रींनीं ड्रिलच्या पात्यावर खोलीच्या खुणेची पट्टी चिकटविली, आणि तें काम त्या तरुणाच्या हातीं दिलें. "माझी नजर आतां तेवढी राहिली नाहीं," एवढेंच ते म्हणाले. मुलाच्या कपाळावर घाम आला. ड्रिल सरळ गेलें.

जोडणीसाठीं पितळी नट घेतले, कारण पितळ पोलादाशीं गंजून एकजीव होत नाहीं. या एंजिनांत हवा आंत नेणारा मॅनिफोल्डही त्याच बाजूस, आणि दोहोंवर मिळून एकेक जाड वायसर बसतो. दोहोंच्या कडांची जाडी सारखी नसली तर वायसर तिरपा बसून स्टड वांकवितो. ती जाडी मोजून, मधून कडेकडे असे नट आवळले. आठ दिवसांनीं गाडी थंड असतांना मिस्त्रींनीं प्रत्येकाला पुन्हां पाना लावून पाहिला. मधले दोन किंचित् फिरले. मागचा फिरला नाहीं. मातोश्रींनीं आपला हुकूम त्याच सायंकाळीं मागें घेतला, मात्र मागच्या खिडकीची कांच चार बोटें उघडी ठेवण्याच्या अटीवर.