मिनिटं कुणाची मोजायची?

चेन्नईच्या तांबरममध्ये राहायला आलेल्या माणसाला ‘सॅनटोरियम’ आधी लोकलचं स्थानक म्हणून कळतं, रुग्णालय म्हणून मागाहून. डॉ. डेव्हिड चौरी मुथु यांनी १९२८ साली इथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. आज ते छातीच्या विकारांचं सरकारी रुग्णालय आहे. क्षयाची औषधं महिनोन्‌महिने चालतात, आणि घरी राहूनही रोगी सॅनटोरियमइतकाच बरा होतो, हे मद्रासमधल्याच एका चाचणीने १९५९ साली दाखवून दिलं. त्यामुळे दूर गावच्या रोग्याची फेरतपासणी व्हिडिओच्या पडद्यावरून व्हावी, हे इथे राहून मला अगदी रास्त वाटतं. पण त्यासाठी माणसं किती लागतील, हे अंदाजपंचे ठरवू नये. आधी संगणकावर सिम्युलेशन करून पाहावं, आणि त्यात डॉक्टरच्या मिनिटांइतकीच नर्सची मिनिटं मोजावीत.

साधा हिशेब घ्या. डॉक्टर एकच, एका रोग्याला त्याची सरासरी सहा मिनिटं लागतात, रोगी आपापल्या वेळी येतात आणि कुणाला दोन मिनिटं पुरतात तर कुणाला पंधरा. तासाला आठ रोगी असतील तर रांगेच्या गणिताप्रमाणे सरासरी खोळंबा २४ मिनिटांचा. नववा आला की तोच ५४ मिनिटांवर जातो! डॉक्टर तासातली ५४ मिनिटं कामात दिसतो, म्हणून अहवालात कार्यक्षमता वाढलेली. पण ई-संजीवनीसारख्या सरकारी दूरसल्ला व्यवस्थेत उपकेंद्रातून सल्ला घेताना रोग्याशेजारी तिथली आरोग्य कर्मचारीही बसलेली असते. डॉक्टर मोकळा होईपर्यंत तिचं लसीकरणाचं आणि रक्तदाब तपासण्याचं काम अडून राहतं. हा खर्च कुठल्याच रकान्यात चढत नाही.

माणसं यंत्रं नव्हेत, घाई झाली की ती बोलणं आवरतं घेतात, असा आक्षेप सिम्युलेशनवर घेतला जातो. तो खरा आहे. म्हणूनच एकच सरासरी न भरता वेळांचा खरा पसारा भरावा लागतो, तुटलेल्या नेटसकट. एवढी आकडेवारी आणायची कुठून, हा आक्षेप मात्र मला पटत नाही. नोंदणीचं टेबल, नर्सचं टेबल आणि एक घड्याळ एवढ्यावर सुरुवात होते. सिम्युलेशन उद्याचा नेमका आकडा सांगत नाही. दुसरा डॉक्टर नेमावा की नोंदी करायला एक मदतनीस, एवढी तुलना ते बऱ्यापैकी करतं. पडदे विकत घेणाऱ्या रुग्णालयांनी ही तुलना निविदा काढण्याआधी करावी.